शेवटच्या इनिंगचा पोरगा

लातूरच्या आमच्या मैदानावर पिचरसाठी उंचवटा नाही. काळ्या मातीवर फक्की मारायची, रबरी पट्टी खिळ्यांनी ठोकायची आणि सराव सुरू. त्यामुळे नांदेडच्या शिबिरात मुरमाच्या माउंडवर आमचा एक पोरगा पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले सहाही चेंडू कॅचरच्या डोक्यावरून गेले. बेसबॉलचा माउंड नियमाने १० इंच उंच असतो. उतारावर पुढचा पाय टेकायला क्षणभर उशीर होतो. सपाट जमिनीची सवय असलेला हात त्याआधीच पुढे येतो आणि चेंडू लवकर सुटून वर जातो. अख्खी सकाळ आम्ही फक्त पाय टेकवण्यात घालवली, चेंडू न घेता.

दोन वर्षं तो आमचा शेवटचा पिचर होता. सामना अडला की त्याला बोलवायचं. एक इनिंग, फार तर दोन. पंधरा-वीस चेंडू जीव तोडून टाकायचे आणि बाजूला व्हायचं. यंदा मुख्य पिचर पोलीस भरतीच्या तयारीला लागला आणि पहिल्या इनिंगपासून चेंडू याच्या हातात आला. वय १८, हातात जोर भरपूर. मला वाटलं होतं, तेच काम आता जास्त वेळ करायचं, एवढाच फरक. तसं नसतं, हे पुढच्या दोन महिन्यांत कळलं.

शेवटी येणाऱ्या पिचरला प्रत्येक बॅटर बहुधा एकदाच भेटतो. एक वेगवान चेंडू आणि एक वळणारा, एवढ्यावर त्याचं भागतं. सुरुवात करणाऱ्याला तेच नऊ जण पुन्हा पुन्हा भेटतात. सरावाच्या सामन्यात पाचव्या इनिंगला त्यांची तिसरी फेरी सुरू झाली. याचा वेग कमी झाला नव्हता, पण बॅटरचे पाय बदलले होते. पहिल्या फेरीत घाईने पुढे पडणारा पाय आता थांबून पडत होता. ओळीने तीन फटके बसले.

म्हणून तिसरा चेंडू शिकवायला घेतला, चेंज-अप. अंगठा आणि तर्जनीचं कडं करून चेंडूच्या कडेला लावायचं, बाकीची तीन बोटं चेंडूवर ठेवायची. हात मात्र वेगवान चेंडूइतक्याच जोराने फिरला पाहिजे. चेंडू मंद येतो तो पकडीमुळे. याला हे पटेना. मंद टाकायचा म्हटलं की हातच मंद व्हायचा, आणि समोरच्याला आधीच कळायचं. तीन आठवडे चेंडू प्लेटच्या अलीकडे टप्पा खात राहिला. एका सकाळी तो नीट पडला, बॅटरने चेंडू येण्याआधीच बॅट फिरवली, आणि हा माझ्याकडे बघून नुसता हसला.

त्याहून अवघड होतं जोर राखून ठेवणं. पूर्वी गरम होतानाच तो चाळीस चेंडू पूर्ण ताकदीने टाकायचा. आता लांब फेकीने सुरुवात, मग हळूहळू वेग वाढवत पंचवीस-तीस चेंडू. मी त्याला सांगितलं, आपल्या घरी नळाचं पाणी पुरवून वापरतात, तसा हात वापर. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा तो लहान होता. तरी एका वाक्यात त्याला सगळं समजलं.

जगात हा बदल कसा करतात ते पाहावं म्हणून गॅरेट क्रोशेचं उदाहरण मी त्याला सांगतो. तेव्हा शिकागो व्हाइट सॉक्सकडे असलेल्या या डावखुऱ्या पिचरच्या कोपरावर २०२२ साली शस्त्रक्रिया झाली होती. २०२४ पर्यंत त्याने मेजर लीगचा एकही सामना पहिल्या चेंडूपासून टाकला नव्हता. त्या वर्षी त्याने ३२ सामने सुरू केले, १४६ इनिंग टाकल्या, २०९ बॅटर स्ट्राइकआउट केले. मला यातलं मोलाचं वाटतं ते वेगळंच. हंगामाच्या उत्तरार्धात संघ त्याला चार-चार इनिंगनंतर थांबवत होता. उत्तम फॉर्मातल्या माणसाला थांबवणं सोपं नसतं.

मला ते जमलं नाही. नांदेडच्या त्याच शिबिरातल्या शेवटच्या सामन्यात सहाव्या इनिंगनंतर मी विचारलं. तो म्हणाला, "सर, दम हाय अजून." मी सातवी इनिंग दिली. त्याच्या पुढच्या पायाने मुरमात वीतभर खड्डा पडला होता. तो कुणी फावड्याने भरला नाही, मीही नाही. त्याचा पाय घसरू लागला, कोपर खाली यायला लागलं, तरी मी धावफलक बघत बसलो. दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत अहमदपूर येईपर्यंत तो डाव्या हातानेच पाणी पीत होता. सुदैवाने दहा दिवसांत कोपराची कळ गेली.

अमेरिकी संघात सुरुवात करणारे पाच पिचर असतात आणि प्रत्येकाची पाळी साधारण पाचव्या दिवशी येते. आपल्या स्पर्धा तीन-चार दिवसांत संपतात आणि संघात धड दोन पिचर नसतात. जिंकण्याच्या ओढीने रोज तोच पोरगा उभा राहतो. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार १७-१८ वयाच्या पिचरने दिवसाला १०५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, आणि ८१ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती घ्यावी. त्या सातव्या इनिंगअखेर याचे किती झाले होते, हे मला सांगता येत नाही. मी मोजलेच नव्हते.

आता पाठीमागे एक मुलगा वही घेऊन बसतो आणि दर चेंडूला रेघ मारतो. लातूर-नांदेडच्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे, तुम्हीही वही ठेवा, आकडा ८१ ला पोहोचला की पुढचे चार दिवस त्या पोराच्या हाती चेंडू देऊ नका, आणि दुसरा पिचर आजपासूनच तयार करायला घ्या.