घडवलेल्या भाषा : नंदभाषेतले सात

नंदभाषा ही दलाल, अडते आणि दुकानदार यांची गिऱ्हाइकासमोर भाव बोलण्याची सांकेतिक बोली. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) तिचे आकडे नोंदले आहेत. केवली एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात, मंगी आठ, तेवसू किंवा लेवनू नऊ, अंगुळू दहा. पुढे काटी म्हणजे वीस, बिटी शंभर, ढकार हजार. या भागात खरे तर गोंधळ्यांची करपल्लवी, म्हणजे बोटांच्या खुणांची भाषा, यायची होती. पण जालन्याच्या एका वाचकाने विचारले, की सातालाच ‘पवित्र’ का? उत्तर एका ओळीत मावणारे नाही, म्हणून करपल्लवी थांबली.

कादंबऱ्यांसाठी भाषा घडवणाऱ्या टोल्किनची रीत गेल्या भागात आलीच आहे : आधी मूळ, मग शब्द. गोंड म्हणजे दगड, दोर म्हणजे भूमी, त्यांतून गोंडोर हे राज्याचे नाव. नंदभाषेचा खटाटोप नेमका उलटा. तिच्या कर्त्यांना मूळ दाखवायचे नव्हते, पुसायचे होते.

पुसण्याचे हे काम सगळीकडे सारखे झालेले नाही. अंगुळूत दहा बोटे स्पष्ट दिसतात. केवलीत ‘केवळ’ दिसतो. दहाच्या पुढे तर हात आखडलेलाच वाटतो : अकराला एकडू, तेराला तेपरू, चौदाला चोपडू. एकडूत ‘एक’ उघडा, बाकी दोहोंत पहिले अक्षर जवळपास तेच, शेपूट तेवढे बदललेले. कान देऊन ऐकणारा शेतकरी हे चार बाजारांत ओळखील. मधल्या बाराला मात्र रेघी आणि पंधराला तळी; त्यांत बारा-पंधराचा मागमूस नाही.

व्याकरणाला तर कोणी हातच लावला नाही. फाटा म्हणजे आणा. दोन आणे ते अवारूफाटे, आठ आणे ते मंगीफाटे. अनेकवचन अस्सल मराठी. ‘अंगुळूला दे, वर मंगीफाटे घे’ असे वाक्य केले, तर विभक्ती, क्रियापद, शब्दक्रम सारे घरचेच. साडेदहा रुपये तेवढे झाकले जातात. प्रश्न विचारणाऱ्या वाचकाचे जालना तर १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होते. तिथल्या व्यवहारात निजामाचा हाली आणि ब्रिटिशांचा कलदार असे दोन रुपये, दोहोंची किंमत वेगळी. म्हणजे अशा पेठेत आकडा उमगला तरी रुपया कोणता, हा प्रश्न उरायचाच.

आता पवित्र. संस्कृत ग्रंथकारांची भूतसंख्या-पद्धत इथे आठवते : नेत्र दोन, वेद चार, बाण पाच, मुनी सात, वसू आठ. मगधाच्या नऊ नंदांवरून नंद म्हणजे नऊ. या पद्धतीच्या आधाराने सप्तर्षी पवित्र, म्हणून सात पवित्र, असे जुळवता येते. मंगीला अष्टमंगलही चिकटवता येते. पण याच वाटेने तेवसूची फोड ‘ते’ अधिक ‘वसू’, म्हणजे तीन आणि आठ, अशी होईल आणि बेरीज अकरा येईल. तेवसू तर नऊ. अशी व्युत्पत्ती करमणुकीपुरती बरी.

त्यापेक्षा साधे उत्तर जास्त पटते. पोकू, उधानू हे शब्द कानावर पडताच काहीतरी लपवले जात असल्याचा संशय येतो. पवित्र, रेघी, तळी यांचा येत नाही. ते रोजच्या बोलण्यात विरघळून जातात. दोन्ही तऱ्हा एकाच यादीत आहेत, त्यावरून ती एका बैठकीत, एका डोक्यातून निघालेली नसावी.

ही बोली बाजारापुरतीच राहिली नाही. तिच्यात रचलेला एक जुना अभंग आहे. त्यात शंकराची पाच मुखे मुळूने, तीन डोळे उधानूने आणि दहा हात अंगुळूने सांगितले आहेत. अभ्यासकाला त्याचा उपयोग मोठा : पंचमुखी, त्रिनेत्र, दशभुज हे वर्णन सर्वांना ठाऊक, तेव्हा कोशातले तीन आकडे तिथेच पडताळून पाहता येतात.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आण्याबरोबर फाट्याचाही आधार गेला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याचा हत्ता याच कुळातला. बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलाव आणला, तेव्हा नियमाप्रमाणे त्यालाही जागा उरली नाही. हत्त्यात शब्दच नाहीत, त्यामुळे त्याचा विचार करपल्लवीसोबत, पुढच्या आठवड्यात.