दहावीनंतर थेट कारखान्याच्या वाटेने

१९५१ मध्ये चंदीगडच्या आराखड्याचं काम ज्याने हाती घेतलं, तो ल कॉर्ब्युझिए वास्तुकलेच्या कॉलेजात कधी गेलाच नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या घड्याळांच्या गावी जन्मलेला हा मुलगा तिथल्या कलाशाळेत घड्याळांच्या झाकणांवर नक्षी कोरायला शिकला. पुढे पॅरिसला ऑग्युस्त पेरे आणि बर्लिनजवळ पीटर बेहरेन्स यांच्या हाताखाली उमेदवारी करत तो घडला. चंदीगडमध्येच रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि बेसिनचे तुकडे वेचून जंगलात गुपचूप रॉक गार्डन उभारलं. १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. १९८४ मध्ये नेकचंद यांना पद्मश्री मिळाली.

अशा गोष्टींनी आईवडिलांना धीर येत नाही, आणि त्यांचं चूकही नाही. नेकचंद लाखात एखादाच. निकाल हातात घेऊन बसलेल्या मुलीला रोजची, पोटापाण्याची वाट हवी असते.

तीही चंदीगडमध्ये आहे. सेक्टर ३० मधल्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेच्या आवारात १९६३ साली स्वित्झर्लंडच्या मदतीने इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर सुरू झालं. अचूक उपकरणं घडवायची तर शास्त्रज्ञांइतकेच कसबी कारागीरही लागतात. टूल-डाय आणि साचे बनवण्याच्या कामासाठी उद्योगांना हवी असलेली माणसं इथे तयार होतात. प्रवेश दहावीच्या पायावर मिळतो. खुद्द स्वित्झर्लंडमध्ये सुमारे दोन तृतीयांश मुलं शाळा संपताच कारखान्यात, दुकानात, बँकेत उमेदवारी करतात आणि आठवड्यातून एक-दोन दिवस वर्गात बसतात. तिथे याला कुणी नाक मुरडत नाही. आपल्याकडे ‘मार्क कमी पडले, आता आयटीआयला घाला’ हे वाक्य अजून घरोघरी ऐकू येतं, आणि मुलाची उमेद तिथेच खचते.

चंदीगडमध्ये सेक्टर २८ ला सरकारी आयटीआय आहे, तर सेक्टर ११ मध्ये मुलींसाठी वेगळी. कुठल्याही आयटीआयमध्ये फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम कानशीपासून सुरू होतो. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचा. हातांना फोड येतात, पण मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय, ते बोटांना कळायला लागतं.

पुढे १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या आणि डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. कॉलेजचं दार बंद होत नाही, एवढं तरी प्रत्येक पालकाला दहावीच्या वर्षीच सांगायला हवं.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम उभा केला. तिथल्या एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती आणि आहार-आरोग्य असं सगळं हाताने करून शिकतात. शाळेत नापास झालेल्यांनाही तिथे जागा असते.

अर्थात प्रत्येक संस्था अशी नसते. म्हणून फी भरण्याआधी कार्यशाळेत स्वतः शिरून पाहावं. यंत्रं चालू आहेत का, एका यंत्रावर किती मुलं उभी राहतात, प्रमाणपत्र राष्ट्रीय पातळीवर मान्य आहे का, हे विचारावं. गेल्या वर्षीची मुलं आज कुठे कामाला आहेत, हे शिक्षकांना विचारावंच, पण त्या मुलांनाही भेटावं.