क्षमेचे दशक आणि आपण

१६ एप्रिल २०२५, दुःखसहन सप्ताहातला बुधवार. ओडिशातल्या केओंझरच्या तुरुंगातून महेंद्र हेम्ब्रम नावाचा कैदी चांगल्या वर्तणुकीमुळे सुटला. १९९९ साली ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जाळून मारल्याबद्दल ज्या दोघांची जन्मठेप शेवटपर्यंत कायम राहिली, त्यांतला हा एक. दोन दिवसांनी उत्तम शुक्रवार होता. त्या दुपारी आपल्याकडे वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर उपदेश होतात आणि त्यांतला पहिलाच उद्गार मारणाऱ्यांसाठी क्षमा मागणारा आहे. मी ज्या उपासनेला होतो तिथे या उद्गारावर चांगले विस्ताराने बोलणे झाले. स्तेफन आला, पेत्र आला, परदेशातल्या एका युद्धकैद्याची गोष्टही आली. हेम्ब्रमचे नाव काही आले नाही. ते आले उपासना सुटल्यावर, अंगणात. ‘असल्या माणसाला सोडतातच कसे?’ मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांची भाषा तर याहून कडवट होती. जिचा नवरा आणि मुले त्या आगीत गेली, त्या बाईने या मारेकऱ्यांना केव्हाच क्षमा केली आहे, हे एकाच्याही तोंडून निघाले नाही. तरुणांना ते ठाऊक नसेल, असे समजता येईल. पण माझ्या वयाच्या माणसांनी ती वर्षे पाहिली आहेत. त्यांचे मौन मला लागले.

मराठी ख्रिस्ती जीवनाचा मागोवा घ्यायचा म्हटला की १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपासून सुरुवात करायची प्रथा आहे. मग अहमदनगरचे ठाणे, १८४२चा ‘ज्ञानोदय’, शाळा, दवाखाने, वसतिगृहे. हे सारे खरे आहे आणि पुष्कळांनी लिहिले आहे. माझे मन त्यात फार रमत नाही. त्या शंभर-सव्वाशे वर्षांतून मला दोनच जागा सोबत घ्यायच्या आहेत. पहिली पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्ती मिशन. दुष्काळातून आणलेल्या, घराने आणि समाजाने टाकलेल्या मुलींमध्ये १९०५ साली जे आत्मिक जागरण झाले, त्यात मुलींनी एकमेकींजवळ अपराध कबूल केले आणि एकमेकींना जवळ केले. रमाबाईंना विद्वत्तेचा मान होता, तरी ख्रिस्ताच्या कृपेपुढे आपण रिकाम्या हातांनीच उभ्या आहोत, ही त्यांची साक्ष होती. दुसरी जागा रेव्हरंड ना. वा. टिळकांची. १९१७ साली ते मिशनची चाकरी सोडून संन्यासी झाले आणि त्यांनी ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही बसवले. पवित्र जीवन कुंपणात मावत नाही, हे या दोघांनी मराठी मातीत दाखवून दिले होते.

पुढची अनेक दशके मात्र संस्था सांभाळण्यात गेली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, एकीचा मोठा सोहळा झाला, आणि पुन्हा कमिट्या, अंदाजपत्रके, पाळकांच्या बदल्या. आमच्या बालपणी पवित्रीकरण म्हणजे एक यादी होती. दारू नको, तंबाखू नको, सिनेमा नको, रविवारी बाजारहाट नको. ही शिस्त वाईट नव्हती, कित्येक घरे तिने सावरली. पण त्या यादीत क्षमा नव्हती. सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरलेला माणूस मंडळीचा वडील होऊ शकत असे आणि प्रभुभोजनाची थाळी सगळ्यांपुढे फिरवत असे. सिनेमाला गेलेल्या पोराची मात्र चौकशी होई.

हे सारे ढवळून टाकणारे दशक १९९५ साली सुरू झाले.

त्या वर्षी २५ फेब्रुवारीला मध्य प्रदेशातल्या उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया यांना सगळ्या प्रवाशांदेखत भोसकून मारण्यात आले. त्या मूळच्या केरळच्या. उदयनगरच्या आदिवासी आणि गरीब शेतकऱ्यांना सावकारांच्या तावडीतून सोडवण्यासाठी त्या झटत होत्या, आणि ज्यांच्या पोटावर पाय आला त्यांनी समंदर सिंह नावाच्या तरुणाला पुढे केले. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ही बातमी जेमतेम पोहोचली. ‘ती कॅथलिक सिस्टर होती’ एवढ्यावर बोलणे संपले. आपले आणि त्यांचे असा तो हिशेब होता, आणि त्याची मला आजही चीड येते.

मग २२ जानेवारी १९९९ची रात्र आली. ग्रॅहम स्टेन्स १९६५ साली ऑस्ट्रेलियातून आले होते आणि बारीपदाच्या मयूरभंज कुष्ठधामात त्यांनी आयुष्य घातले होते. केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावी ते जंगल-शिबिरासाठी गेले. रात्री गाडीतच झोपले. सोबत दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी. जमावाने गाडी पेटवली आणि त्यांना बाहेर पडू दिले नाही. तिघेही जळून गेले.

पुढच्या काही दिवसांत ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी जे केले, त्यासाठी मी या दशकाला आयुष्यातले सर्वांत मोठे शिक्षण मानतो. आपल्या मनात मारेकऱ्यांविषयी कडवटपणा नाही, आपण त्यांना क्षमा केली आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. दफनविधीत त्या आपल्या तेरा वर्षांच्या मुलीसह, एस्तेरसह, उभ्या राहून गायल्या. आणि त्यानंतर परत न जाता बारीपदातच राहिल्या, कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली, नवऱ्याच्या स्मरणार्थ दवाखाना उभा राहीपर्यंत. २००४ साली त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि २००५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

त्या वेळी आमच्या मंडळ्यांत काय बोलले गेले, ते नोंदवून ठेवणे मला भाग आहे. प्रार्थनासभा झाल्या, मूक मोर्चे निघाले, डोळे ओले झाले. पण त्याच बैठकांत ऐकू येई : ‘बाई मोठी आहे, पण असे बोलून तिने खटला कच्चा केला.’ कुणी म्हणे, दुबळ्यांजवळ क्षमेशिवाय असते काय? कुणी म्हणे, हे संतांचे काम, आपण साधी माणसे. तिन्ही म्हणणी चुकीची होती आणि चुकीची आहेत.

खटला कच्चा झाला नाही. ग्लॅडिसबाईंनी क्षमा आणि न्याय या दोन गोष्टी कधी एकमेकींत मिसळल्या नाहीत. क्षमा करणे माझ्याकडे, कायद्याचे काम कायद्याकडे, असा त्यांचा स्वच्छ विचार होता. २००३ साली भुवनेश्वरच्या न्यायालयाने मुख्य आरोपी दारा सिंहला फाशी आणि बारा जणांना जन्मठेप दिली. २००५ साली उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, हेम्ब्रमची शिक्षा कायम ठेवली आणि बाकीच्यांना सोडले. २१ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. स्टेन्स यांना ‘धडा शिकवण्याचा’ हेतू होता असे त्या निकालपत्रात लिहिले गेले होते, देशभर नाराजी उमटली आणि काही दिवसांतच न्यायालयाने स्वतः तो मजकूर बदलला. सत्य बोलायचे तिथे लोक बोलले, क्षमेने कुणाची वाचा गेली नाही.

आणि ती दुबळ्याचीही गोष्ट नव्हती. सूडाची भाषा बोलली असती तर तिच्यामागे उभे राहायला हजारो तयार होते. तो मोह बाजूला सारायला जी ताकद लागते ती माणसाच्या स्वभावातून येत नाही. इथेच कृपेचा संबंध येतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला तो चाकर आपल्याला पाठ आहे. धन्याने त्याचे जन्मात न फिटणारे कर्ज सोडले, आणि त्याने बाहेर पडताच सोबतच्या चाकराचा किरकोळ देण्यासाठी गळा धरला. त्या दाखल्याचा रोख साधा आहे. सुटका झालेल्या माणसाने दुसऱ्याला सोडले नाही, तर आपली सुटका त्याला समजलीच नाही. कृपा आधी मिळते, जीवन मागून बदलते. बदललेले जीवन पुढे करून कृपा विकत घेता येत नाही. त्याच १९९९ सालच्या ३१ ऑक्टोबरला आउग्सबुर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी जो संयुक्त जाहीरनामा स्वाक्षरित केला, त्याचा गाभा हाच होता : माणूस कृपेनेच देवाला मान्य होतो आणि सत्कर्मे हे त्याचे फळ असते. ज्या प्रश्नावर जवळपास पाचशे वर्षे युरोप भांडला, त्याचे जिवंत उत्तर त्याच वर्षी बारीपदात एक विधवा रोज जगत होती.

याच दशकात, १२ मार्च २००० रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये मंडळीच्या शतकांच्या पापांबद्दल देवाजवळ जाहीर क्षमा मागितली. मला तेव्हा वाटले होते की आता आपल्याकडेही कुणी उभे राहील आणि मंडळीत टिकून राहिलेल्या जातीबद्दल क्षमा मागेल. माझ्या ऐकण्यात तरी कुणी राहिले नाही. आजही लग्नाच्या बोलणीत आजोबा-पणजोबा कुठल्या वाड्यातून आले याची हळूच चौकशी होते. दुसऱ्याने आपली क्षमा मागावी याची आपण वाट पाहतो. आपण मागायची वेळ आली की आपण इतिहासाकडे बोट दाखवतो.

दशकातली सर्वांत उजळ गोष्ट ऑगस्ट २००२ मधली. राणी मारियांची धाकटी बहीण, स्वतःही सिस्टर असलेल्या सेल्मी पॉल, रक्षाबंधनाच्या सुमारास इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी समंदर सिंहच्या मनगटावर राखी बांधली. स्वामी सदानंद नावाचे एक कॅथलिक संन्यासी त्या माणसाला आधीपासून भेटत होते, त्याच्याशी बोलत होते. क्षमा एका दिवसात उगवली नाही, कुणीतरी तिची मशागत केली होती. राणी मारियांच्या कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली. २००६ साली तो सुटला, केरळला जाऊन राणी मारियांच्या म्हाताऱ्या आईला भेटला. तिने आपल्या मुलीला मारणारे हात हातांत घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले. भारतीय मातीत ख्रिस्ती पवित्रता कशी दिसते असे कुणी विचारले, तर मी त्या राखीकडे बोट दाखवीन.

या दशकाचा आपल्याकडे एक गैरवापरही झाला आणि तो हिशेब मला मांडायलाच हवा. घरात मार खाणाऱ्या बाईला, वारसाहक्कातून हुसकावलेल्या विधवेला पाळक आणि वडीलमंडळी सांगू लागली, ‘ग्लॅडिसबाईंनी एवढे माफ केले, तू एवढेसे माफ कर आणि घरी जा.’ असे सांगताना मी माणसांना ऐकले आहे. ग्लॅडिसबाईंच्या आयुष्याचा याहून मोठा अवमान नाही. त्यांनी सत्य झाकले नाही, न्यायालयाची वाट अडवली नाही, आणि क्षमा कुणी त्यांच्यावर लादली नव्हती. दुसऱ्याच्या दुःखावर हुकूम सोडून जी क्षमा वसूल केली जाते ती कृपा नव्हे, ती जबरदस्ती आहे.

२००५ नंतर हे सारे ओसरत गेले. २००८ साली ओडिशातले कंधमाळ पेटले, घरे जळली, माणसे जंगलात पळाली. त्यानंतर आपल्या बोलण्यात भीती शिरली आणि भीतीच्या मागून राग. राग समजण्यासारखा आहे. पण त्या रागाला वळण देणारी माणसे कमी होत गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. ‘सुवार्ता’च्या संपादकपदावरून वसईच्या हिरव्या जमिनीसाठी गुंडगिरीशी झुंजणारा, आणि २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाला धमक्यांनी विरोध झाला तरी तोल न सोडणारा तो माणूस. विरोध करावा पण द्वेष करू नये, हे त्यांच्याकडे पाहून कळत असे.

आज मोठमोठे मेळावे भरतात, ध्वनिवर्धक लागतात, आशीर्वाद, नोकरी, व्हिसा यांसाठी हात वर होतात. पवित्र आत्म्याचे नाव अखंड घेतले जाते. आणि त्याच मंडळ्यांचे विश्वस्त जमिनींसाठी एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे असतात. रविवारी शांतीचे हस्तांदोलन, सोमवारी वकील. एकाच बाकावर बसणारी दोन कुटुंबे एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. हे पवित्रीकरण नव्हे, ही केवळ सवय आहे.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. ज्या मंडळीत दावे चालू आहेत त्या मंडळीने प्रभुभोजनाआधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवावे, आणि समेट होईपर्यंत त्यांच्यापैकी कुणाच्याही हाती थाळी देऊ नये. जातीच्या पापाची कबुली उपासनेत मोठ्याने द्यावी. छळलेल्या बाईला आधी संरक्षण द्यावे, क्षमेचा विषय तिच्यावर सोडावा. आणि महेंद्र हेम्ब्रम आणि अजून तुरुंगात असलेला दारा सिंह यांच्यासाठी नावे घेऊन प्रार्थना करावी. ग्लॅडिस स्टेन्स आणि सेल्मी पॉल यांनी आपल्याला एवढे तरी शिकवले आहे की कृपा मिळाल्याची खूण गीतांच्या आवाजात सापडत नाही. ज्याचे नाव घ्यायला जीभ अडते, त्याचे नाव आपण देवापुढे घेऊ शकतो का, यात ती सापडते. हे जमत नसेल तर आपण चांगली शिस्तबद्ध माणसे असू, पवित्र जीवन जगणारी नव्हे.