खोट्या बातमीची साथ आणि तिची लस

साथ म्हटली की आपल्याला गोवर, कावीळ, डेंग्यू आठवतो. पण फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाबरोबरच आणखी एका साथीचा इशारा दिला होता. ती साथ होती खऱ्याखोट्या माहितीच्या पुराची.

ही साथ पसरते कशी, याचा शास्त्रज्ञांनी रीतसर अभ्यास केला आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या. खऱ्या बातमीला १,५०० लोकांपर्यंत पोचायला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता! हे निष्कर्ष २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे काम यंत्रांचे असेल, अशी शंका येईल. पण यंत्रांनी पाठवलेला मजकूर वगळला तरी फरक तसाच राहिला. म्हणजे रोगाचे वाहक आपणच. खोटी बातमी नवीन वाटते, आश्चर्याचा धक्का देते. म्हणून ती पुढे सरकवण्याचा मोह होतो.

दुसरे कारण पुनरावृत्तीचे. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर आली की ती खरी वाटू लागते, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत दिसले आहे. चार गटांतून एकच मजकूर आला म्हणजे चार साक्षीदार मिळाले असे नव्हे.

परिणाम काय होतो? १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवरील एका लेखाने गोवराच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला. पण तोवर ब्रिटनमध्ये लसीकरण घटून गोवराने पुन्हा डोके वर काढले होते. आपल्या धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला.

माझ्या दवाखान्यातही "मोबाईलवर काढा वाचला, गोळ्या बंद केल्या" असे सांगणारे मधुमेही येतात. तोवर साखर बरीच चढलेली असते.

मग उपाय? इथेही लसच. फसवणुकीच्या युक्त्या आधीच थोड्या दाखवून ठेवल्या की माणूस त्यांना सहजी बळी पडत नाही, असे केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांना आढळले. हा परिणाम काळाने ओसरतो. म्हणून बूस्टर डोस हवाच.

तेव्हा वाचकहो, एवढी पथ्ये पाळा :

१) वाचताच भीती किंवा संताप वाटला, तर आधी थांबा.

२) कोणी, कधी, कुठे सांगितले ते पाहा. 'एका मोठ्या डॉक्टरांनी' हे उत्तर नव्हे.

३) 'सर्वांना पाठवा' असा आग्रह असेल, तर मुळीच पाठवू नका.

४) मोबाईलवर वाचून रक्तदाबाची, मधुमेहाची वा फिटची गोळी बंद करू नका. तो मोबाईल घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.

साथ तुटते ती एकेका घरात. तुमच्यापाशी आलेली अफवा तुमच्यापाशीच थांबली, तर कुणाचे तरी औषध चालू राहील, कुणाच्या तरी बाळाला लस मिळेल.