स्टार्ट बटण कुठं गेलं?

सोमवारी सकाळी ऑफिसात आलात, मशीन ऑन केलं आणि स्वतःचीच स्क्रीन ओळखू येईना, असं तुमच्याही बाबतीत कधीतरी झालं असेल. वीकेंडला आयटीवाल्यांनी अपग्रेड मारलेलं असतं. आयकॉन गोलमटोल झालेले, रंग बदललेले आणि रोजच्या वापरातलं नेमकं बटण गायब! शेजारच्या क्युबिकलमधून एक जण ओरडतो, "अरे, काय करून ठेवलंय हे?" दुसरी म्हणते, "मस्त दिसतंय की!" तिसरा काहीच बोलत नाही. तो मुकाट्याने चहाला जातो.

या भांडणात मी बटणं हलवणाऱ्यांच्या बाजूची. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत इंटरफेस डिझाइन करते. कुठलं बटण कुठे असावं, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. नव्या स्क्रीनवर लोक कुरकुर करायला लागले की आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं, "दोन आठवड्यांत सवय होते." हे वाक्य मी स्वतः कितीतरी प्रेझेंटेशन्समध्ये टाकलंय. २०२५ च्या दिवाळीत इंदापूरला मामांच्या दुकानात बसले आणि तेव्हापासून ते वाक्य काही माझ्या तोंडून निघत नाही.

मामांची बोटं

मामांचं दुकान तहसील कचेरीच्या जवळ. टायपिंग, डीटीपी, झेरॉक्स. वारसनोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, सीझनला लग्नपत्रिका. मामा मराठी टायपिंगची परीक्षा टाइपरायटरवर पास झालेले. पुढे कॉम्प्युटर आला तरी त्यांनी बोटांना नवीन काही शिकवलं नाही. टाइपरायटरचीच अक्षरांची मांडणी कॉम्प्युटरवर घेतली, जुना मराठी फाँट टाकला आणि काम सुरू. समोरच्या माणसाला "पाहुणं, गट नंबर सांगा" म्हणत, कीबोर्डकडे न बघता ते पानंच्या पानं टाइप करतात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. म्हणजे मशीन बंद पडतं असं नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे फुकट अपडेट थांबतात. मामांकडे दिवसभर लोकांची आधार कार्डं, सातबारे, पासबुकं स्कॅनिंगला येतात. असं मशीन नेटला जोडून ठेवणं बरं नव्हे. जुन्या मशीनमध्ये विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नव्हती, म्हणून मी सरळ नवं मशीनच घेऊन गेले. दिवाळीची भेट!

लक्ष्मीपूजनाला चोपड्यांच्या शेजारी नव्या मशीनचीही पूजा झाली. मामींनी कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवलं. मी फायली कॉपी केल्या, डेस्कटॉप चकाचक केला आणि स्वतःवर भलतीच खूश झाले.

भाऊबीज झाली, शुक्रवारी दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक वारसनोंदीच्या अर्जासाठी आलेले एक आजोबा. साडेबाराच्या एसटीने त्यांना परत गावी जायचं होतं. मामांनी माउस धरला आणि हात सवयीने डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे काहीच नाही.

"स्टार्ट बटण कुठं गेलं गं?"

"मामा, मधे आलंय ते आता."

"का?"

खरं सांगते, या 'का'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात मामांनी अर्जाची जुनी फाइल उघडली आणि स्क्रीनवर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा आला. चूक माझीच. जुन्या फाँटमधली अक्षरं मशीनच्या लेखी इंग्रजीच असतात, त्यांना देवनागरीचा चेहरा देतो तो फाँट. मी फायली आणल्या होत्या, फाँट आणलाच नव्हता. टाइपरायटरसारखी कीबोर्डची मांडणीही टाकली नव्हती. "थांबा, मी करते," म्हणून मी इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी टाइप करायला बसले. 'ज्ञानेश्वर' लिहायला मला तीन वेळा खोडावं लागलं. आजोबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

मामा उठले. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनची वायर लावली, दहा मिनिटांत अर्ज टाइप करून, प्रिंट काढून आजोबांच्या हातात दिला. मला काही बोलले नाहीत. आजोबाच म्हणाले, "पोरीनं नवीन आणलंय व्हय? चांगलंय, चांगलंय."

कुरकुर जगभरची

'गावाकडच्या माणसाला नवीन नको असतं,' असं म्हणून हा विषय संपवता आला असता. पण तशी सोय नाही. याच भागात उसाच्या शेतीत एआय वापरायला सुरुवात झाली. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या त्या कामाचं २०२५ च्या सुरुवातीला खुद्द मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी कौतुक केलं. नवीन गोष्टीचा फायदा दिसला की इथला माणूस मागे राहत नाही.

आणि कुरकुर काय फक्त इंदापुरात होते? स्टार्ट बटण आलं विंडोज ९५ बरोबर, २४ ऑगस्ट १९९५ ला. सतरा वर्षं ते डाव्या कोपऱ्यात होतं. २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं आणि बटणाच्या जागी टच-स्क्रीनला शोभतील असे रंगीत चौकोन. जगभर बोंब झाली. वर्षभरात, १७ ऑक्टोबर २०१३ ला, विंडोज ८.१ मध्ये बटण परत आलं. पूर्ण स्टार्ट मेनू परत यायला मात्र २९ जुलै २०१५, म्हणजे विंडोज १० उजाडावं लागलं. मग ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं आणि बटण सरकलं मध्यावर.

लिनक्सवाल्यांचीही तीच कथा. २०११ मध्ये ग्नोम ३ या डेस्कटॉपने जुनी मांडणी मोडली, तेव्हा जाहीर नाराजी व्यक्त करणाऱ्यांत खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स होते. काही काळ ते दुसऱ्याच डेस्कटॉपवर निघून गेले. जुनीच मांडणी हवी असणाऱ्यांनी तर 'माटे' नावाचा वेगळा डेस्कटॉप उभा केला. आता टोरवाल्ड्सना कोण म्हणणार, की तुम्हाला कॉम्प्युटरची भीती वाटते?

२० तारखेचं गणित

परत येताना निमगाव केतकी, अंथुर्णे, सणसर करत बारामतीला ताईकडे थांबले. ताई म्हणजे मामांची मोठी मुलगी, एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. वय ३४, हातात लेटेस्ट फोन, नवी स्क्रीन तिला आवडलेली. म्हटलं, चला, इथे तरी माझी बाजू घेणारं कुणी भेटलं!

"दिसायला छान आहे गं," ती म्हणाली. "पण आमच्याकडे एक नियम आहे. महिन्याच्या २० तारखेपर्यंत कुणी अपडेटला हात लावायचा नाही. जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं. त्या आठवड्यात मला बटण शोधायला दोन सेकंद जास्त लागले, तर दिवसाला किती झाले ते तूच मोज."

मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. ते कॅलेंडर कंपनीचं. ताईचं कॅलेंडर वेगळं, आणि मामांचं घड्याळ तर साडेबाराच्या एसटीवर चालतं. अपग्रेड कधी करायचं हे बहुतेक वेळा एक जण ठरवतो आणि त्याचा वेळ दुसऱ्याचा जातो. हे मला इतकी वर्षं पगार घेऊन कळलं नव्हतं.

"काही तक्रार नाही"

दोन आठवड्यांनी मामांना फोन केला. "मामा, कसं चाललंय नवं मशीन?"

"झकास! काही तक्रार नाही बघ."

झाली की नाही दोन आठवड्यांत सवय! संध्याकाळी ताईला ऐटीत हे सांगितलं. ती हसायला लागली. "पप्पा तुला वाईट वाटू नये म्हणून बोलले. नव्या मशीनवर मामींनी शिवलेलं कव्हर आहे. फक्त स्कॅनिंगला काढतात. बाकी सगळं जुन्यावरच."

(हो, स्वतःच्या आईला ती 'मामी'च म्हणते. लहानपणी आम्हा भाचरांचं ऐकून ऐकून लागलेली सवय. सवयी अशा असतात!)

त्या रात्री मला आमचं आदल्या वर्षीचं रिलीज आठवलं. बिलिंगच्या स्क्रीनवरचं 'सेव्ह' बटण मी खालून वर, उजव्या कोपऱ्यात नेलं होतं. पहिल्या आठवड्यात तक्रारींचा पाऊस, तिसऱ्या आठवड्यात शुकशुकाट. आम्ही मीटिंगमध्ये टाळ्या वाजवल्या. पण त्या लोकांना खरंच सवय झाली होती, की त्यांनीही कुठेतरी एखादं कव्हर घातलं होतं? तक्रार थांबली म्हणजे माणूस रुळला असं नसतं. कधीकधी त्याने फक्त आपल्याला सांगणं सोडून दिलेलं असतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी पुन्हा इंदापूर गाठलं. या वेळी डेस्कटॉप चकाचक वगैरे काही केला नाही. आधी दोन तास मामांच्या मागे बसून नुसतं बघितलं. मग स्टार्ट बटण डावीकडे आणलं, फाँट टाकला, कीबोर्डची जुनी मांडणी टाकली, फायली होत्या त्याच जागी त्याच नावाने ठेवल्या. जुन्या मशीनची नेटची वायर काढली, पण ते फेकलं नाही.

मामांनी एक अर्ज उघडला. हात डाव्या कोपऱ्यात गेला, बटण सापडलं. कीबोर्डकडे न बघता त्यांनी चार ओळी टाइप केल्या आणि मान न वळवता म्हणाले, "हे दिवाळीतच केलं असतंस तर?"

सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी एकच काम केलं. तक्रार करून नंतर गप्प झालेल्या दहा गिऱ्हाइकांची यादी काढली आणि पहिला फोन लावला.

अपग्रेड करताय? आधी एवढं कराच!

• घरच्यांचं मशीन बदलताना फायलींबरोबर फाँटही कॉपी करा. टाइपरायटरसारखं मराठी टाइप करणाऱ्यांना ती कीबोर्डची मांडणी वेगळी टाकून द्यावी लागते.

• विंडोज ११ मध्ये स्टार्ट बटण डावीकडे हवं? सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्स असं जा आणि अलाइनमेंटमध्ये 'लेफ्ट' निवडा.

• लगेच बदलणं शक्य नसेल, तर घरगुती विंडोज १० साठी सुरक्षेचे वाढीव अपडेट आहेत. जाहीर केलेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६.

• नवं मशीन गर्दीच्या दिवशी सुरू करू नका. पहिला आठवडा जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवा.

• आणि "जमतंय ना?" असं फोनवर विचारू नका. जाऊन शेजारी बसा.