बटण दाबल्यावर प्रवाह सुरू होतो कुठून?

मंडळी, कोराडीत येऊन विजेवर बोलणं म्हणजे आईपुढे आजोळच्या गोष्टी सांगणं. 660 मेगावॉटचे तीन संच इथे उभे आहेत. पण आज आपण तिकडे बघायचं नाही. टॉर्चचा एक सेल, एक बटण, छोटा बल्ब आणि थोडी तार, एवढंच घेऊ.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. कार्यकारणभावाच्या तासाला आमचं ठरलेलं उदाहरण असे: बटण दाबलं हे कारण, दिवा लागला हे कार्य. मधल्या भागाबद्दल आमची समजूत अशी, की सेलमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि नळातून पाणी यावं तसे बल्बपर्यंत पोचतात. एका विद्यार्थिनीने हिशेब मांडून दाखवला, तेव्हा आम्ही ओशाळलो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर प्रवाह असेल, तर इलेक्ट्रॉन सेकंदाला सरासरी 0.07 मिलिमीटर सरकतात. तासाभरात वीतभराहून थोडं जास्त! मग दिवा लगेच कसा लागतो?

तर, तार कधी रिकामी नसतेच. तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन आधीपासूनच खच्चून भरलेले असतात. बटण दाबायच्या आधीही सेलच्या धन टोकाकडच्या तारेच्या पृष्ठभागावर किंचित धनभार आणि दुसरीकडे ऋणभार बसलेला असतो. सेलचा 1.5 व्होल्टचा सगळा ताण बटणाच्या फटीत येऊन थांबलेला असतो. तारेच्या आत विद्युतक्षेत्र शून्य, म्हणून प्रवाह नाही.

बटण दाबलं की ती फट मिटते आणि बदल तिथून सुरू होतो, सेलपासून नव्हे. तो दोन्ही बाजूंना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरतो, म्हणजे नॅनोसेकंदाला सुमारे 30 सेंटिमीटर. जिथे पोचतो तिथले इलेक्ट्रॉन तिथल्या तिथे सरकू लागतात. गंमत अशी, की पहिल्या क्षणी पुढे बल्ब आहे की तार तुटलेली आहे, याचा त्या प्रवाहाला पत्ताच नसतो! किती वाहायचं ते तेव्हा तारांच्या मांडणीवर ठरतं. मग लाट बल्बला आणि सेलला धडकून परत फिरते, पुन्हा जाते. अशा काही फेऱ्यांत पृष्ठभागावरचे भार नीट वाटले जातात आणि शाळेतला ओहमचा नियम लागू पडतो. शाळेत आपल्याला एकदम हा शेवटच शिकवतात.

घरच्या विजेत तर इलेक्ट्रॉन सेकंदाला 50 वेळा जागीच मागेपुढे हिंदकळतात. कोराडीतला इलेक्ट्रॉन नागपूरच्या घरात जात नाही. ऊर्जा जाते ती तारेभोवतीच्या क्षेत्रातून; पॉयंटिंगने 1884 मध्येच हे मांडलं.

मागे एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, बटण बंद होतं, तरी होल्डरला हात लागून झटका कसा बसला?" उत्तर त्या फटीतच आहे. ताण फटीपर्यंत येऊन थांबतो. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलं असेल, तर फट बल्बच्या पलीकडे पडते आणि बंद दिव्याच्या होल्डरपर्यंत 230 व्होल्ट येऊन उभे राहतात. तेव्हा बटण फेजवरच हवं. आणि बल्ब बदलताना बटणावर विसंबू नका, मेन स्विच बंद करा.