पायोरियानंतरची तार

चाळिशी उलटल्यावर वरच्या पुढच्या दातांत फट पडू लागते, एखादा दात लांब दिसतो, दोन-तीन दात ओठाकडे झुकतात. ही बहुधा हिरड्यांच्या जुन्या आजाराची, म्हणजे पायोरियाची खूण असते. जिवाणूंच्या थराने हिरडी सुजते, दाताभोवतीचे हाड झिजते आणि आधार सुटलेला दात जिभेच्या व चावण्याच्या दाबाने जागा सोडतो. २०१८च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात असे दात सरकणे आजाराच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात मोडते.

नागपुरात या आजाराचा विचार खर्र्याला वगळून करता येत नाही. सदर भाग असो की महाल, पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून मिळतो. तो जिथे दाबून धरला जातो तिथली हिरडी मागे सरते. सुपारीने गाल आतून ताठरतात, तोंड पुरते उघडत नाही. ज्याच्या तोंडात दोन बोटेही जात नाहीत, त्याच्या मागच्या दाढांपर्यंत सफाईचे हत्यारच पोचत नाही. सरकलेले दात जागेवर आणणारी तार बसवणे तर पुढची गोष्ट. खर्रा सुटला नाही तर पुढचा सगळा खर्च वाया जाण्याचीच शक्यता अधिक.

‘स्केलिंगने दात हलायला लागतात’ हा समज अजून घट्ट आहे. खरे तर कीटण निघाले की आधीच झालेली झीज दिसू लागते. मुळांची सफाई, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, मधुमेह आटोक्यात ठेवणे हे आधी उरकावे लागते. हिरडीतून रक्त येणे थांबले आणि दात व हिरडी यांच्यातले खोल कप्पे चार मिलीमीटरच्या आसपास आले, की तारेचा विचार सुरू होतो. त्यासाठी पूर्वी तीन ते सहा महिने थांबत. मात्र हाड भरून काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर चार आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी तार सुरू केलेल्या रुग्णांची तुलना २०२१मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखेच निघाले.

वयाची अडचण मात्र नाही. हाड कमी झालेला दातही हलवता येतो. पण सुजलेल्या हिरडीतला दात हलवणे घातक असते. स्वीडनमध्ये एरिकसन, थिलांडर आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली कुत्र्यांवरील प्रयोगांत हे दाखवले: अस्वच्छ दात कलते केले, की हिरडीवरचा थर हिरडीखाली सरकतो आणि हाड आणखी झिजते.

या उपचाराचे खरे कौशल्य जोर मोजण्यात आहे. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलीमीटरचा तंतूंचा पडदा असतो. त्यावरचा दाब केशवाहिन्यांतल्या दाबाइतका, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम असावा, असे श्वार्त्स या संशोधकाने १९३२मध्ये मांडले. हाड अर्धे गेले की मुळाला धरणारे क्षेत्र घटते आणि नेहमीचा जोरही जास्त ठरतो. शिवाय जमिनीत कमी गाडलेला खांब जसा जरा ढकलताच कलतो, तसा हा दात सरळ न सरकता कलंडतो. म्हणून तारेला जोराबरोबर उलट वळणही द्यावे लागते. डेन्मार्कच्या बिर्टे मेल्सन यांनी १९८९मध्ये अशा रुग्णांचे लांबलेले दात परत आत बसवले. जोर दातामागे अवघा ५ ते १५ ग्रॅम आणि हिरड्या निरोगी असताना निकाल उत्तम आले. मुळाचे टोक थोडे झिजते, ही त्याची किंमत. पंचाहत्तरीपर्यंत स्वतःच्या दातांनी भाकरी चावता येणार असेल, तर ती मोठी नाही.

साधनांची निवड त्यानंतरची. दाढांवर कड्यांऐवजी चिकटवलेल्या नळ्या बऱ्या, कारण कड्यांची कड हिरडीत घुसते. रबरी बंधांवर घाण जास्त साचते, म्हणून बारीक स्टीलची तार बांधतात. पारदर्शक अलाइनर काढून ब्रश करता येतो. पण लांबलेला दात आत दाबण्यात त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. मागचे दात पडलेले असतील तर आधारासाठी हाडात बारीक स्क्रू बसवतात.

हिरड्यांचे आणि तारेचे डॉक्टर एकमेकांशी बोलणारे हवेत. सदरच्या खासगी दवाखान्यात उपचार घेणाऱ्याने हे आधी विचारावे. मेडिकल चौकाजवळच्या १९६८ सालच्या शासकीय दंत महाविद्यालयात दोन्ही विभाग एकाच संस्थेत आहेत. उपचार चालू असताना दर तीन महिन्यांच्या आसपास हिरड्यांची तपासणी आणि रोज फटींतला बारीक ब्रश ठरलेला असतो. तार निघाल्यावर दातांच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बारीक तार कायम राहते, आणि ती सुटली तर त्याच आठवड्यात पुन्हा बसवून घ्यावी लागते.